यंत्राची साक्ष आणि माणसाची सही

घराची अब्रू आणि घराची मालमत्ता ह्या दोन्ही गोष्टी आपल्याकडे पिढ्यानुपिढ्या कागदाच्या आधारावर उभ्या राहिलेल्या आहेत. माळ्यावरच्या पेटीत लाल फडक्यात बांधून ठेवलेले दप्तर हे जुन्या घराचे जणू दुसरे देवघरच असे. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, दत्तकपत्र, सावकाराची फेडपावती, असे जे जे म्हणून पुढे वादास कारण होण्यासारखे, ते ते त्या फडक्यात जाई. आणि कर्ता पुरुष निवर्तल्यावर दिवस होताच भाऊबंद एकत्र बसून पहिल्याने सोडीत ते तेच फडके. आज त्या फडक्याची जागा कशाने घेतली आहे, हे निराळे सांगणे न लगे. देणेघेणे मोबाईलवर होते, त्याची पोच मोबाईलवर येते, शेताचा सातबारा पडद्यावर दिसतो, वाटणीची बोलणी व्हॉट्सअॅपवर चालतात. आणि दुर्दैवाने कोणी कोणास धमकी दिली, किंवा एखाद्या स्त्रीची विटंबना केली, तर तीही त्याच मार्गाने. ज्यास विचारावे तो निर्धास्तपणे सांगतो, “पुरावा कोठे जातो? मोबाईलमध्ये आहे ना!”

हे ‘आहे ना’ न्यायालयाच्या उंबरठ्याच्या आत कितपत टिकते, हा आजच्या लेखाचा विषय आहे. त्याचे उत्तर शोधावयास आम्हां गेवराईकरांस फार दूर जावयास नको. गावातून उत्तरेस महामार्गाने निघून शहागडजवळ गोदावरीचा पूल ओलांडला की जालना जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातील निवडणुकीच्या एका कज्ज्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी जो निकाल दिला, तो आज देशातील प्रत्येक न्यायालयात संगणकी पुराव्याच्या बाबतीत आधारभूत मानला जातो. निकाल मोठा विस्तृत आहे. परंतु त्यातील मर्म असे आहे की ते घरातील सुनेस, सासूस, शेतकऱ्यास आणि पेन्शनरासही समजून घेता येईल, आणि घ्यावे अशी आमची इच्छा आहे.

लेख, भोग आणि साक्षी

प्रथम थोडे मागे जाऊ. पुरावा म्हणजे काय, हा प्रश्न संगणकाने नव्याने उत्पन्न केलेला नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात मानुष प्रमाणे तीन सांगितली आहेत: लेख, भोग आणि साक्षी. लिहिलेले, उपभोगलेले आणि पाहिलेले, ह्या तिहींवाचून माणसाच्या हाती दुसरे साधन नाही. ती नसतील तेव्हाच दिव्याचा मार्ग. लेखाविषयी तर स्मृतिकारांनी इतके बारकाईने लिहिले आहे की आजच्या वकिलासही कौतुक वाटावे. ऋणको स्वहस्ते लिहून देईल तर साक्षीदारांवाचूनही तो लेख प्रमाण. मात्र तो बळजबरीने किंवा कपटाने लिहवून घेतलेला नसावा. लेखाविषयी शंका आली तर त्याच माणसाच्या दुसऱ्या हस्ताक्षराशी तो ताडून पाहावा. हप्ता फेडला की त्याची नोंद लेखाच्याच पाठीवर करावी. लेख देशांतरी राहिला, पुसला गेला, चोरीस गेला, फाटला किंवा जळाला, तर दुसरा करून घ्यावा.

ह्या सर्व नियमांच्या मुळाशी एकच विचार आहे. लेख स्वतः बोलत नाही; त्याच्या पाठीशी कोणाचा तरी हात असतो. त्या हाताची ओळख पटली म्हणजे लेखास प्रामाण्य येते. कुलकर्ण्याच्या दप्तरास मान होता तो कागदाच्या जाडीमुळे नव्हे. ते दप्तर रोजच्या रोज, ठरलेल्या पद्धतीने, ठरलेल्या माणसाने लिहिलेले असे, आणि प्रसंग पडल्यास त्या माणसास चावडीवर उभे करून “हे अक्षर तुझेच ना?” असे विचारता येई. सावकाराची चोपडी न्यायालयात चाले तीही ती नित्यनेमाने लिहिली जाई म्हणून. आणि तरीसुद्धा इंग्रजी अमदानीत झालेल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने असे बजावून ठेवले होते की नुसत्या चोपडीतील नोंदीवर कोणाच्या माथी देणे बसविता येणार नाही.

आता संगणकाचा विचार करा. त्यातील अक्षरास हात नाही. दोन माणसांनी टंकलेले ‘हो’ अगदी एकसारखे दिसते. नक्कल आणि अस्सल ह्यांत डोळ्यांना दिसणारा भेद नाही. खाडाखोड केली तर कागदाप्रमाणे तेथे ओरखडा उमटत नाही. छायाचित्रातील माणूस काढता येतो, नसलेला बसविता येतो, आणि अलीकडे तर माणसाचा हुबेहूब आवाजही यंत्राकडून काढविता येतो. तेव्हा ह्या लेखाच्या पाठीशी असलेला हात शोधावयाचा कोठे, हा खरा पेच आहे.

जालन्याचा कज्जा

२०१४ साली महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. जालना मतदारसंघातून श्री. अर्जुन पंडितराव खोतकर हे श्री. कैलास किसनराव गोरंट्याल यांच्यावर अवघ्या २९६ मतांनी विजयी झाले. आम्हांस येथे कोणत्याही पक्षाशी कर्तव्य नाही. वाचकांनी केवळ प्रश्नाकडे पाहावे. पराभूत उमेदवाराने, तसेच दुसऱ्या एका गृहस्थाने, मुंबई उच्च न्यायालयाच्या त्या वेळच्या औरंगाबाद येथील खंडपीठापुढे निवडणूक अर्ज दाखल केले. मुख्य तक्रार अशी की, उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस २७ सप्टेंबर २०१४ आणि शेवटची वेळ दुपारी ३ ची असता विजयी उमेदवाराचे अर्ज त्या वेळेनंतर घेण्यात आले, सबब ते स्वीकारणे बेकायदा होते.

वेळ टळली की नाही टळली, हे ठरवावयाचे कसे? निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनात आणि बाहेर चित्रण करणारे कॅमेरे चालू होते. त्या चित्रणात कोण केव्हा आले, अर्ज केव्हा पुढे केला, हे सर्व दिसण्यासारखे होते. न्यायालयाने ते चित्रण मागविले आणि सीडींच्या रूपाने ते हजरही झाले. येथपर्यंत सर्व सरळ होते. अडचण आली ती पुढे. संगणकातून काढलेली नक्कल पुराव्यात घ्यावयाची तर तिच्यासोबत जबाबदार माणसाच्या सहीचे एक प्रमाणपत्र असावे लागते, असा कायदा होता. अर्जदारांनी ते प्रमाणपत्र अधिकाऱ्यांकडे पुनःपुन्हा मागितले. परंतु ते त्यांस मिळाले नाही. ज्यांच्या ताब्यात यंत्र त्यांनी सही करावयाची, आणि ते तर सही करीत नाहीत!

उच्च न्यायालयाने ह्यातून असा मार्ग काढला की, निवडणूक अधिकाऱ्यांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून, उलटतपासणीत, चित्रण नेहमीच्या रीतीने झाले असल्याचे सांगितले आहे. तेव्हा लेखी प्रमाणपत्र नसले तरी त्याचा हेतू साधलेला आहे. ह्या आणि इतर पुराव्याच्या आधारे नोव्हेंबर २०१७ मध्ये ती निवडणूक रद्द ठरविण्यात आली. श्री. खोतकर सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे त्या निकालास स्थगिती मिळाली, आणि मूळ प्रश्न, प्रमाणपत्रावाचून यंत्राची साक्ष घ्यावी की न घ्यावी, हा तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे ठेवण्यात आला.

कायद्याची वळणे

हा प्रश्न इतक्या उंचीवर जाण्याचे कारण असे की, तोपर्यंत सर्वोच्च न्यायालयाचीच मते दोन बाजूंस गेलेली होती. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञानाचा कायदा २००० साली झाला आणि त्याच वर्षी १७ ऑक्टोबरपासून तो अमलात आला. विद्युत्‌कणांनी लिहिलेल्या लेखास आणि संगणकी स्वाक्षरीस कागदाची व शाईची योग्यता ह्या कायद्याने प्रथम दिली. त्याच वेळी १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात ‘६५-ब’ ह्या नावाचे नवे कलम घालण्यात आले. त्याचा आशय थोडक्यात असा: संगणकातून छापून काढलेला कागद किंवा तबकडीवर घेतलेली नक्कल मूळ यंत्र हजर न करताही पुराव्यात चालेल, परंतु ते यंत्र त्या काळात नियमित वापरात होते, माहिती नित्याच्या व्यवहारात त्यात भरली जात होती, यंत्र नीट चालत होते, आणि नक्कल त्यातील माहितीवरूनच घेतलेली आहे, ह्या अटी पुऱ्या झाल्या पाहिजेत, आणि तसे प्रमाणपत्र त्या यंत्राच्या किंवा त्या कामाच्या जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीने सोबत जोडले पाहिजे. पाहावे, कुलकर्ण्याच्या दप्तरासंबंधी जो विचार तोच हा. केवळ दप्तराच्या जागी यंत्र आले.

२००५ साली संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, असे प्रमाणपत्र नसले तरी इतर मार्गांनी नक्कल सिद्ध करता येईल. २०१४ च्या सप्टेंबरात केरळातील एका निवडणुकीच्या प्रकरणात, जेथे प्रचारातील गाणी आणि घोषणा ह्यांच्या सीडी पुढे करण्यात आल्या होत्या, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत बाजूस सारले आणि प्रमाणपत्र अत्यावश्यक ठरविले. पुढे जानेवारी २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी ती अट पुन्हा सैल केली. त्यांचे म्हणणे असे की, ज्याच्या ताब्यात यंत्रच नाही, त्याने प्रमाणपत्र आणावयाचे कोठून? दोन्ही बाजूंस न्याय्य वाटावे असे काही होते. खालच्या न्यायालयांनी मात्र कोणते वचन प्रमाण मानावे, हा प्रश्नच होता.

निकालाची दोन अंगे

न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन, एस. रवींद्र भट आणि व्ही. रामसुब्रमणियन यांच्या पीठाने जालन्याच्या प्रकरणात हा घोळ संपविला. निकालाचे पहिले अंग कठोर आहे. यंत्रातून घेतलेली नक्कल पुढे करावयाची असेल तर प्रमाणपत्र पाहिजेच. कोणाच्या तोंडी साक्षीने त्याची जागा भरून निघणार नाही. २०१४ चे मत कायम झाले, २०१८ चे रद्द झाले. अपवाद एवढाच की, मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले तर प्रमाणपत्राची गरज नाही. आपला मोबाईल, आपला संगणक घेऊन मालक स्वतः साक्षीस उभा राहिला आणि माहिती प्रथम जेथे साठली ते हेच यंत्र, ते माझे आहे व मी ते वापरतो, असे त्याने सिद्ध केले, की तो अस्सल लेखच झाला. परंतु बँकेचा किंवा सरकारी कचेरीचा अवाढव्य संगणक काही उचलून न्यायालयात नेता येत नाही. तेथे प्रमाणपत्रास पर्याय नाही.

दुसरे अंग करुणेचे आहे, आणि सामान्य माणसाच्या दृष्टीने आम्ही त्यास अधिक महत्त्व देतो. ज्याच्याकडे प्रमाणपत्र मागितले तो देत नसेल, तर अर्जदाराने हात जोडून बसू नये. त्याने न्यायालयास अर्ज करावा, आणि न्यायालयाने त्या माणसास किंवा कचेरीस ते देण्याचा हुकूम करावा. आपल्या हाती होते तेवढे सर्व करूनही ते मिळाले नाही, तर कायदा अशक्य गोष्टीची सक्ती करीत नाही, ह्या जुन्या न्यायाने त्या पक्षकारास त्या अटीतून मोकळे करावे. जालन्याच्या अर्जदारांनी शक्य ते सर्व केले होते; सबब त्यांस ही सूट मिळाली. शिवाय चित्रण बाजूस ठेवले तरी इतर पुराव्यावरून उच्च न्यायालयाचा निष्कर्ष टिकतो, असे म्हणून श्री. खोतकर यांचे अपील दोन्ही प्रतिपक्षांस प्रत्येकी १ लाख रुपये खर्च देण्याच्या हुकुमासह फेटाळण्यात आले. तोपर्यंत त्या विधानसभेची मुदत संपून २०१९ ची निवडणूक होऊन गेली होती, आणि त्या निवडणुकीत श्री. गोरंट्याल हे निवडूनही आले होते. म्हणजे मूळ भांडणाच्या दृष्टीने निकालास उशीर झाला. परंतु त्या भांडणातून जो नियम निघाला तो लक्षावधी लोकांच्या उपयोगी पडला.

ह्याच निकालात आणखी एक सूचना आहे. मोबाईल कंपन्यांकडील संभाषणांच्या नोंदी थोड्या काळाने नष्ट होतात. तेव्हा एखाद्या तपासात त्या नोंदी ताब्यात घेण्याची वेळ आली तर कंपन्यांनी त्या वेगळ्या काढून सुरक्षित ठेवाव्यात, असे सांगण्यात आले. पुरावा हा नाशवंत पदार्थ आहे, ह्याची ही जाणीव आहे.

सहीचे प्रयोजन

कित्येक सुशिक्षितही ह्या प्रमाणपत्रास सरकारी कागदी घोडे म्हणून नाके मुरडतात. “डोळ्यांनी दिसते आहे, कानांनी ऐकू येते आहे, मग सही कशाला?” असा त्यांचा प्रश्न असतो. आमच्या मते त्यांनी बाजू उलटवून पाहावी. उद्या तुमच्याच मुलाविरुद्ध कोणी एखादा बनावट संदेश छापून आणला, किंवा तुमच्या मुलीचे छायाचित्र विकृत करून तेच खरे म्हणून पुढे केले, तर “हे कोणत्या यंत्रातून आले, ते कोणाच्या हाती होते, आणि त्याच्या खरेपणाविषयी बोलावयास कोण उभा राहतो?” असे विचारणारा कोणी तरी तुम्हांस पाहिजे की नको? प्रमाणपत्र म्हणजे तोच प्रश्न लिहून ठेवलेला आहे. जो सही करतो तो खोटे बोलला तर पकडला जातो. यंत्रास लाज नाही, भय नाही, शपथ नाही. ती सर्व माणसापाशी आहेत. म्हणून यंत्राच्या साक्षीस माणसाचा जामीन पाहिजे.

येथे एक भ्रम दूर करणे अवश्य आहे. प्रमाणपत्र जोडले म्हणजे मजकूर खरा ठरला, असे नव्हे. प्रमाणपत्राने लेख दाराच्या आत येतो इतकेच. आत आल्यावर त्याचा खरेखोटेपणा, तो कोणी व कोणत्या हेतूने लिहिला हे सर्व, इतर लेखांप्रमाणेच पारखले जाते.

१ जुलै २०२४ नंतर

१८७२ चा तो कायदा आता इतिहासजमा झाला. त्याच्या जागी ‘भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३’ हा कायदा १ जुलै २०२४ पासून चालू झाला असून जुन्या ६५-ब ची जागा त्यातील ६३ व्या कलमाने घेतली आहे. तत्त्व तेच आहे. परंतु व्यवस्था अधिक काटेकोर झाली. प्रमाणपत्राचा नमुनाच कायद्याच्या परिशिष्टात छापून दिला आहे. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरावयाचा आणि दुसरा तज्ज्ञाने. दोहोंत ‘हॅश’ नावाचा एक आकडा लिहावा लागतो.

हा हॅश काय आहे, ते सांगतो. कोणत्याही संगणकी लेखावर गणिताची एक ठराविक क्रिया केली असता अंकाक्षरांची एक माळ निघते. तोच लेख पुन्हा त्या क्रियेतून काढला तर तीच माळ निघते; परंतु लेखात एक अनुस्वार जरी बदलला तरी माळ पार निराळी होते. म्हणजे कागदाच्या दुनियेत मोहोरबंद लखोट्याने जे काम होई ते येथे ह्या माळेने होते. नक्कल घेतल्या दिवशी जी माळ होती तीच न्यायालयात निघाली, तर मधल्या काळात कोणी हात लाविला नाही असे समजावे.

योजना उत्तम, तथापि एक गोष्ट मनास टोचते. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या विधवेने किंवा अल्पभूधारक शेतकऱ्याने हा तज्ज्ञ शोधावयाचा कोठे, आणि त्याचा खर्च सोसावयाचा कसा? ज्याच्यापाशी पैसा त्याचाच पुरावा दाराच्या आत जाईल, आणि गरिबाचा खरा पुरावा पायरीवर बसून राहील, असे होता कामा नये. जिल्ह्याजिल्ह्यातून सरकारने अशा तज्ज्ञांची अल्पखर्चात सोय केली पाहिजे, आणि विधिसेवा प्राधिकरणांनी हे काम आपले मानले पाहिजे. जालन्याच्या निकालातील करुणेचे अंग नव्या कायद्याच्या अमलात हरवू नये, एवढेच आमचे मागणे आहे.

घरोघरी काय करावे

मध्यंतरी आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आमच्याकडे आले होते. मावसभावास त्यांनी मोठी रक्कम हातउसनी दिली होती. भावाने “दिवाळीपर्यंत देतो, दादा” असा निरोप व्हॉट्सअॅपवर लिहून पाठविला होता. दिवाळी गेली, दुसरी गेली, आणि भावाने कानांवर हात ठेवले. गृहस्थांनी दरम्यान जुना मोबाईल दुकानात देऊन नवा घेतलेला. जुना निरोप नव्यात आला नाही; पत्नीच्या मोबाईलमध्ये त्या निरोपाचे चित्र तेवढे होते. त्यांच्या वकिलांनी त्यांस सांगितले की, बँकेतून रक्कम गेल्याची नोंद आहे म्हणून काही तरी आधार आहे. परंतु ती उसनी म्हणून गेली हे दाखविणारा मूळ लेख तुम्ही स्वहस्ते दुकानदाराच्या हवाली केला! ह्या एका उदाहरणात आमच्या सांगण्याचा सारा अर्थ आला. तरी सोयीसाठी चार गोष्टी क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, मूळ यंत्र जपावे. वादाचा संभव असलेला निरोप, आवाज किंवा चित्र ज्या मोबाईलमध्ये प्रथम आले तो विकू नये, बदलीत देऊ नये, पुसून टाकू नये. निरोप आपोआप नाहीसे होण्याची जी सोय असते ती बंद असल्याची खात्री करावी. पडद्याचे चित्र काढून ठेवणे चांगले. परंतु ती नकलेची नक्कल आहे हे विसरू नये. ज्या साधनावर लेख ठेवला ते वाचणारे पुढे कोणी उरेल काय, हाही विचार करावा. आमच्या मराठवाड्यात निजामी अमदानीतले उर्दू आणि मोडी कागद घरोघरी आहेत. कागद शाबूत आहेत, पण वाचणारे विरळा. आजच्या सीडीची गतही तीच होऊ घातली आहे.

दुसरी गोष्ट, यंत्र कोणाचे हे घरात निश्चित असावे. एकत्र कुटुंबात सिमकार्ड वडिलांच्या नावाचे, मोबाईल मुलाच्या हातात, आणि बँकेचे निरोप आजीच्या खात्याचे, असा संसार सर्रास दिसतो. प्रेमाने चालते तोवर ठीक. पण प्रमाणपत्रावर सही करण्याची वेळ आली की “हे यंत्र माझ्या ताब्यात होते” असे शपथेवर कोणी म्हणावयाचे? विशेषतः घरातील स्त्रियांचे खाते, त्यांचा क्रमांक आणि त्यांचा मोबाईल त्यांच्याच नावाचा व त्यांच्याच ताब्यात असावा. हे स्वातंत्र्याचे लाड नव्हेत. पुराव्याची शुद्धी आहे.

तिसरी गोष्ट, ज्यास कागदच पाहिजे तेथे कागदच करावा. मृत्युपत्र हे त्यातील मुख्य. माहिती तंत्रज्ञानाच्या कायद्याने संगणकी लेखास मान्यता दिली खरी, पण मृत्युपत्रास त्यातून स्पष्टपणे वगळले आहे. वडिलांनी मोबाईलसमोर बसून “घर धाकट्यास, शेत थोरल्यास” असे कितीही गहिवरून सांगितले असले तरी ते चित्रण मृत्युपत्र होत नाही. कागद, सही आणि दोन साक्षीदार ही जुनी त्रयी तेथे अद्याप अढळ आहे. उलटपक्षी, सातबाऱ्याचा जो उतारा सरकारच्या संगणकी स्वाक्षरीने २०१८ पासून मिळू लागला, तो तलाठ्याच्या शाईच्या सहीवाचूनही चालतो. कारण तेथे स्वाक्षरी संगणकीच असून तिच्यामागे जबाबदार अधिकारी आहे. हातउसन्या पैशांच्या दाव्यास सामान्यतः ३ वर्षांची मुदत असते, हेही ध्यानात ठेवावे. पुरावा जपला आणि मुदत दवडली, तर काय उपयोग?

चौथी गोष्ट, विटंबना किंवा फसवणूक झाली असता लाजेने पुरावा नष्ट करू नये. एखाद्या मुलीस अश्लील निरोप आला तर घरातील वडील माणसे पहिल्याने म्हणतात, “पुसून टाक, कोणास सांगू नकोस.” हा सल्ला मायेचा असतो, पण त्याने फायदा अपराध्याचा होतो. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणे, दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकाद्वारे फसविणे, संमतीवाचून गुह्य छायाचित्र घेणे किंवा पसरविणे आणि अश्लील मजकूर प्रसिद्ध करणे, ह्या सर्वांस माहिती तंत्रज्ञानाच्या कायद्यात ३ वर्षांपर्यंत आणि काही प्रकारांत त्याहूनही अधिक कैदेची शिक्षा आहे. पण शिक्षा पुराव्यामागून येते. तेव्हा निरोप तसाच ठेवावा, तारीख, वेळ व क्रमांक वहीत टिपून घ्यावा आणि पोलिसांकडे जावे. पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावे. तेथे घटकेचा उशीरही महाग पडतो. मुलीस दोष देण्यात जी घटका जाते, ती घटका चोर पळण्यात घालवितो.

आणि कोणत्याही कचेरीने, बँकेने किंवा कंपनीने प्रमाणपत्र देण्याचे नाकारले, तर निराश न होता लेखी मागणी करावी, तिची पोच घ्यावी, आणि ती पोच जपून ठेवावी. जालन्याच्या अर्जदारांस सूट मिळाली ती त्यांनी मागितले होते म्हणून. घरी बसून जो म्हणतो “देणारच नव्हते,” त्यास ती मिळत नाही. प्रमाणपत्र प्रथम जोडावयाचे राहून गेले तरी खटला संपण्यापूर्वी योग्य प्रसंगी ते दाखल करून घेण्याचा अधिकार न्यायालयास आहे, असेही त्या निकालात म्हटले आहे. तथापि त्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नव्हे.

सारांश, काळ बदलला, लेखणी बदलली, पण व्यवहाराचा धर्म बदललेला नाही. पूर्वी जो गृहस्थ फेडपावती घेतल्यावाचून सावकाराच्या ओट्यावरून उठत नसे, तोच आजही सुखी राहील. फक्त त्याने पावतीचे नवे रूप ओळखले पाहिजे. हे ज्ञान घरातील एकट्या कर्त्यापाशी राहून उपयोग नाही. येत्या एखाद्या रविवारी, जेवणे झाल्यावर, सर्वांनी मिळून आपापले मोबाईल पुढे ठेवावेत. कोणते यंत्र कोणाचे, कोणता निरोप जपण्याचा, कोणता व्यवहार अद्याप कागदावर आणावयाचा, ह्याची एक यादी करावी आणि ती लाल फडक्यातल्या दप्तरात ठेवून द्यावी. भाऊबंदांत कज्जा उत्पन्न होऊ नये हे उत्तमच. परंतु झालाच, तर खरे बोलणाऱ्याच्या हाती खऱ्याचा पुरावा असावा, यासाठी एवढे श्रम कोणासही जड नाहीत.